नालेसफाई वादळाआधी हवी

महोदय,

'वादळ वळले, मुंबई बचावली' हा कालच्या अंकातला मथळा वाचून राहवले नाही. १७ मे २०२१ ला तौक्तेही असेच मुंबईसमोरच्या समुद्रातून पुढे गेले आणि त्या रात्री गुजरातला धडकले. तरीही सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला, तोही मे महिन्यात. वादळाचा डोळा समुद्रात लांब असला तरी त्याच्याभोवतीचे ढग किनाऱ्याला झोडपतातच. मग बचावले कोण?

आमची चाळ कुर्ल्याला नाल्यालगत आहे. तौक्तेच्या आधी कंत्राटदाराच्या माणसांनी गाळ उपसून काठावरच ढीग लावले होते. ओला गाळ गाडीत भरत नाहीत, सुकल्यावर नेऊ, म्हणाले. वादळाच्या पावसाने तो सगळा ढीग पुन्हा नाल्यात गेला. त्यातली एक फाटकी गादी पुलाखाली अडकली आणि नाला तुंबला. घरात गुडघाभर काळे पाणी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शेजारच्या मुलांनी त्यांना चादरीत घालून वरच्या मजल्यावर नेले. नंतर तक्रार करायला गेले, तर 'काम ३१ मेपर्यंत पूर्ण करायचे असते, अजून मुदत आहे' असे मलाच ऐकवले. त्या माणसाने एकदा आमच्या खोलीत येऊन उभे राहायला हवे होते.

ही मुदत पावसाळा धरून ठरवलेली आहे. पण समुद्राचे पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापले की वादळाला बळ मिळते, आणि मे महिन्यात अरबी समुद्र त्याहून बराच तापलेला असतो. तौक्ते मेच्या मध्यात आले, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. तेव्हा नाले एप्रिलअखेर मोकळे झालेच पाहिजेत आणि उपसलेला गाळ त्याच दिवशी उचलला पाहिजे. वादळ कुठे वळले याचे नकाशे आपण छापता, तसा नाल्याकाठच्या ढिगांचा एखादा फोटोही छापा.

आणखी एक. भरतीच्या वेळा पूर्वी आपल्या पहिल्या पानावर असत. आता त्या आतल्या पानावर जाहिरातीखाली इतक्या बारीक अक्षरांत असतात की चष्मा लावूनही दिसत नाहीत. साडेचार मीटरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की मिठी नदीचे पाणी समुद्र घेत नाही. आम्ही तळमजल्यावरची माणसे त्या वेळा बघूनच धान्याचे डबे आणि कागदपत्रे माळ्यावर चढवतो. त्या कृपया पुन्हा पहिल्या पानावर घ्याव्यात.

– एक वाचक, कुर्ला (पश्चिम)