बाबा, येत्या रविवारी

पुणे, सोमवार रात्र

ति. बाबा आणि आई यांना प्रभूमध्ये सलाम.

काल फोनवर आई ओट्याकडे तोंड करून हळू बोलत होती, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. बाबा, ऑपरेशन होऊन पोटावर शौचाची पिशवी बसली त्याला पाच महिने झाले आणि तुम्ही एकदाही चर्चमधलं प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षरस, घेतलं नाहीत. पाळकसाहेब घरी यायला तयार आहेत, तर त्यालाही नकार. म्हणे, "पोटाला घाणीची पिशवी बांधून पवित्र देवापुढे कसा बसू?"

आधी नर्स म्हणून सांगते. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. तुम्ही गच्च भरेपर्यंत थांबता, मग ती जड होऊन पोटाला चिकटवलेली चकती सुटायला लागते, आणि वास येतो तो तिथून. नीट चिकटलेल्या पिशवीचा शेजारच्याला पत्ता लागत नाही. शनिवारी रात्री कोबी, कांदा, अंडी नकोत. झालं.

आता तुमच्या "पवित्र" या शब्दाविषयी. आजोबा सांगायचे, गावच्या देवळाच्या पायरीवर त्यांची सावली पडलेलीही चालत नसे. पवित्र म्हणजे काय, हे आपल्या घराला आधी त्या पायरीने शिकवलं, पवित्रशास्त्राने नंतर. मिशनची शाळा झाली, बाप्तिस्मे झाले, तीन पिढ्या गेल्या, तरी तो शब्द कानावर आला की आत कुठेतरी "लांब हो" असंच ऐकू येतं. तुम्ही आता स्वतःच स्वतःला लांब केलंत, एवढाच फरक.

आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय रविवारच्या शब्बाथ शाळेत तुम्हीच शिकवलात ना? देवाच्या आसनाजवळच्या सराफीम दूतांचे सहा पंख दोन हातांनी कसे दाखवायचे म्हणून मला आणि दादाला पाठीमागे उभं केलं होतंत. दादा हसला आणि त्याला धपाटा बसला. उज्जीया राजा मेला त्या वर्षीची गोष्ट. हा राजा धूप जाळायला स्वतःच मंदिरात घुसला, कपाळावर कोड उठलं आणि मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला. म्हणजे पवित्रतेची धास्ती त्या वर्षी सगळ्यांच्याच पोटात असणार. सराफीमसुद्धा तोंड झाकून "पवित्र, पवित्र, पवित्र" म्हणतात. यशया ओरडतो, मी संपलो, माझे ओठ अशुद्ध आहेत. त्याला कुणी बाहेर घालवलं का? वेदीवरचा निखारा उचलून नेमका त्या ओठांनाच लावला. आपल्याकडे विटाळ वर चढतो, बाबा. इथे पवित्रता खाली उतरली. येशूने कोड झालेल्या माणसाला हात लावला तेव्हाही येशू बाटला नाही, तो माणूस शुद्ध झाला.

तुमची पिशवी जाईल असं मी म्हणत नाही. ती कायमची आहे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.

पण काकांशी बांधावरून भांडलो त्याची ही शिक्षा, असं जे तुम्ही धरून बसलात, ते मला सोसवत नाही. होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात देव म्हणतो की मी रागाने चालून येणार नाही, आणि कारण काय देतो? मी देव आहे, माणूस नाही, तुमच्यामध्ये असलेला पवित्र आहे. आपण पवित्र म्हटलं की राग समजतो, आणि तो पवित्र आहे म्हणूनच राग आवरतो. डूख धरणं, हिशेब चुकवणं हे आपलं, बांधावरच्या माणसांचं. त्याच्या मनात काळंबेरं नाही.

रात्रपाळीला मला हेच पुरतं. गेल्या महिन्यात एक तरुण बाई गेली, तिच्या आईला काय सांगायचं सुचेना. 22 वं स्तोत्र मनात म्हटलं. पहिल्या दोन ओळींत नुसती तक्रार: मला का सोडलंस, रात्रंदिवस हाका मारतो आणि तू उत्तर देत नाहीस. तिसऱ्या ओळीत एकदम, "तू पवित्र आहेस". उत्तर मिळालेलं नाही, दुखणं तसंच आहे, फक्त ज्याला हाक मारतोय तो कोण हे आठवलंय. "देव परीक्षा घेतो" म्हणणाऱ्यांपेक्षा मला हे स्तोत्र लिहिणारा माणूस जवळचा वाटतो. आणि येशूने वधस्तंभावर याच स्तोत्राची पहिली ओळ म्हटली.

आई, तू केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शिकलीस, तुला पंडिता रमाबाई मी काय सांगणार? कडक सोवळ्यात वाढलेली बाई, आणि 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली घरी घेऊन आली. 1921 मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, तरी बाईंचं पवित्रशास्त्राच्या भाषांतराचं काम थांबलं नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये त्याही गेल्या. बाबांना ते रात्री तुझ्या पद्धतीने सांग, माझं भाषण होतं.

मी शनिवारी दुपारच्या एसटीने येते. चकत्या, पावडर आणि चार जास्तीच्या पिशव्या आणते. रविवारी चर्चमध्ये आपण दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू, म्हणजे मध्येच उठावं लागलं तरी कुणाला ओलांडायला नको. आई, बाबांचा पांढरा शर्ट नीळ घालून ठेव. इस्त्री मी आल्यावर करीन, तू कॉलर जाळतेस.

तुमची,
बेबी