तीन आठवड्यांमागची वर्षं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला बीट लेखकांवरचा, म्हणजे १९५०च्या दशकातल्या बंडखोर अमेरिकन लेखकांवरचा, लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद आहे. पण ‘जॅक केरुआकने टेलिप्रिंटरच्या रोलवर तीन आठवड्यांत कादंबरी उतरवली, एक शब्दही बदलला नाही, नव्या लेखकांनी हे धाडस शिकावं’ हा मजकूर चौकटीत, ठळक टायपात छापायला नको होता. लिहू पाहणारी विशीतली मुलं ही पुरवणी वाचतात.

ती कादंबरी म्हणजे ‘ऑन द रोड’. तो टेलिप्रिंटरचा रोल नव्हता, ट्रेसिंग पेपर होता. टाइपरायटरच्या रुळात बसतील अशा बेताने कापलेल्या लांबच लांब पट्ट्या, चिकटपट्टीने एकमेकींना जोडलेल्या; एकूण लांबी सुमारे १२० फूट. दर पानाला कागद काढा, नवा घाला, सरळ करा, यात वाक्याची लय तुटते. ती तुटू नये म्हणून ही सोय. २ ते २२ एप्रिल १९५१, न्यूयॉर्क, ओळींत जागा न सोडता, परिच्छेद न पाडता सुमारे सव्वा लाख शब्द. म्हणजे दिवसाला सहा हजार. मिनिटाला तीस शब्द धरले तरी जेमतेम साडेतीन तासांचं काम. सराईत हाताला ते जड नाही. जड आहे ते रोज सहा हजार शब्दांचा ऐवज तयार असणं. केरुआककडे तो होता. १९४७पासूनचे प्रवास त्याने वह्यांत टिपले होते, १९४८पासून याच कादंबरीची सुरुवात पुन्हा पुन्हा करून सोडून दिली होती. डिसेंबर १९५०मध्ये मित्र नील कॅसडीचं लांबलचक पत्र आलं तेव्हा ती कुठल्या आवाजात सांगायची हे त्याला उमगलं. पहिली कादंबरी तर त्याच वर्षी छापूनही आली होती. एप्रिलमध्ये यंत्रासमोर बसलेला माणूस नवशिका नव्हता.

‘एक शब्दही बदलला नाही’ हे तर निखालस चूक. त्या गुंडाळीवरच पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या दिसतात. शेवटचा तुकडा कुत्र्याने चावून खाल्ला, तेव्हा गुंडाळीला मूळ शेवटच उरलेला नाही. १२० फुटांच्या सलग कागदावर संपादकाने खुणा कुठे करायच्या आणि छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याने तो समोर कसा मांडायचा? केरुआकने स्वतः सगळं साध्या पानांवर पुन्हा टाइप केलं. माणसं खरी होती, अब्रुनुकसानीच्या धास्तीने नावं बदलावी लागली. मजकूर कापला गेला, परिच्छेद पडले. पुस्तक बाहेर आलं सप्टेंबर १९५७मध्ये. तीन आठवडे चौकटीत आले आणि ही सहा वर्षं लेखात कुठेच नाहीत, हे मला फार लागलं.

आणखी एक. त्याच लेखात म्हटलं आहे: ‘केरुआक आणि गिन्सबर्ग मुंबईत आले आणि मराठी अनियतकालिकांचा जन्म झाला.’ केरुआक भारतात कधीच आला नाही. त्याचा मित्र, बीट कवी ॲलन गिन्सबर्ग आले १९६२ साली. कवी अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांचं ‘शब्द’ हे अनियतकालिक, म्हणजे ठरावीक तारखेविना निघणारं छोटं साहित्यिक प्रकाशन, त्याआधीच, १९५०च्या दशकात, सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलमधून शाई उमटवून प्रती काढून, निघत होतं. सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल म्हणजे काय हे लेखकाने एकदा हातात घेऊन पाहावं. टाइपरायटरची फीत बाजूला करून उघड्या खिळ्यांनी मेणकागद कापायचा. ठोका हलका पडला तर अक्षर उमटत नाही, जोरात पडला तर ‘ठ’चा पोटातला गोल गळून पडतो. चूक झाली की द्रावण लावायचं, वाळू द्यायचं, मगच त्यावर पुन्हा टाइप करायचं. हे सोसून अंक काढणाऱ्या मुलांना पाहुण्याच्या येण्याची वाट पाहावी लागली नव्हती. गिन्सबर्गशी त्यांची मैत्री झाली, ती बरोबरीची.

पुढच्या रविवारी तेवढ्याच मोठ्या चौकटीत दुरुस्ती छापावी, आणि तीत केरुआकच्या त्या वह्यांचा उल्लेख असावा, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे