अक्का, तुम्ही उंबऱ्यातली चप्पल बघितलीत म्हणून

आदरणीय अक्का यांस,

सा. न. वि. वि.

वयानं तुम्ही माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. पण अपंगांच्या दाखल्या-पेन्शनच्या कामासाठी पंचायतीत तुमच्याकडे येणारे लहानथोर सगळेच तुम्हाला अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. तुमच्यासमोर उभी राहिले की दोन वाक्यांच्या पुढं मला बोलता येत नाही, गळाच दाटतो. म्हणून लिहायला बसले. मी सांगते आहे आणि धाकटी लिहून घेते आहे. चारचौघांनी वाचावं म्हणूनच लिहिते आहे, कारण आमच्यासारखा ‘३० टक्के’ अपंगत्व लिहिलेला कागद आणखी किती घरांत ट्रंकेच्या तळाशी पडला असेल, कुणास ठाऊक.

ह्यांना शुगर निघाली तेव्हा हे बेळगावजवळ मच्छेला एका फौंड्रीत फेटलिंगला होते. ओतून आलेल्या जॉबवरचं जादा लोखंड ग्राइंडरनं घासून काढायचं, तेही कंत्राटावर. दिवसभर उभ्यानं काम, दुपारी मिळेल तेव्हा भाकरी, गोळी आठवली तर घ्यायची. २०२१ साली डाव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले. हे म्हणाले, लोखंडाची धूळ असेल. धूळ नव्हती, शुगरमुळं आतल्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. इंजेक्शनं झाली, लेसर झालं. उजवा डोळा वाचला, डावा गेला. एका डोळ्याच्या माणसाच्या हातात ग्राइंडर द्यायला ठेकेदार तयार होईना, आणि त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पेन्शन मिळते असं कुणीतरी सांगितलं. एका एजंटानं ३,००० रुपये घेतले, कन्नडमधल्या दोन कागदांवर ह्यांच्या सह्या घेतल्या आणि तो पुन्हा दिसलाच नाही. ते पैसे मी भांगलायला जाऊन साठवले होते. मग आमचं आम्हीच दवाखान्यात गेलो. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून ३० टक्के लिहिलं. तो कागद घेऊन कचेरीत गेलो तर खिडकीतून उत्तर आलं, “४० लागतात. आणि शुगरला कुठली पेन्शन?” मागं रांग होती. आम्ही बाजूला झालो ते थेट घरीच आलो.

२०२३ च्या पावसाळ्यात रोप लावताना ह्यांच्या उजव्या पायात खिळा गेला. ह्यांना कळलंच नाही. पायाची जाणीवच गेली होती, आणि ते आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. संध्याकाळी अंगणात रक्ताचे ठसे बघून मीच ओरडले. आधी अंगठा काढला, दोन महिन्यांत उरलेली चारही बोटं काढावी लागली. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं, बाई, ह्याचाही दाखला निघतो का, तर मी नाही म्हटलं असतं. एकदा परत पाठवलेल्या माणसाला तेच दार दुसऱ्यांदा वाजवायचं सुचत नाही.

अक्का, तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे आलाच नव्हता. शेजारच्या पोराच्या अपंगत्वाच्या कार्डाचं काम होतं. तुमची तीन चाकांची स्कूटी आमच्या दारातच मावली, म्हणून तुम्ही आमच्या कट्ट्यावर टेकलात. मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर तुम्ही उंबऱ्याजवळच्या चपलेकडे बघत होता. उजव्या चपलेत पुढं माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी कोंबलेली होती. बोटं नसल्यानं चप्पल पायातून निसटायची, म्हणून मीच ती घड्या घालून शिवली होती. “मावशी, ही चप्पल कुणाची?” एवढंच तुम्ही विचारलंत. इतक्या दिवसांत तिच्याकडे दुसऱ्या कुणाची नजर गेली नव्हती.

हे आतून बाहेर यायला तयार नव्हते. “मी काय अपंग आहे काय?” असं आतूनच म्हणाले. माझा जीव कसनुसा झाला, कारण तुमच्या पायात आधाराचा कॅलिपर होता. पण तुम्ही रागावला नाहीत. “काका, मला पण शाळेत असताना तो शब्द नको वाटायचा. कागदावर लिहू दे की त्यांना. घरात कोण म्हणायलंय तुम्हाला?” म्हणालात. पाच मिनिटांनी हे बाहेर येऊन बसले.

मग तुम्ही जे समजावून सांगितलंत, ते कुठल्याच खिडकीवर कुणी सांगितलं नव्हतं. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, पार्किन्सन हे आजार त्यात आले. शुगर त्यात नाही. बीपी नाही, किडनीचा आजारही नाही. “पण शुगरनं डोळा नेला, तो यादीत आहे. बोटं नेली, ती पण यादीत आहेत. आजाराचं नाव सोडा मावशी, आजारानं काय काय नेलं ते दाखवूया,” असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. आम्ही दोन वर्षं सगळ्यांना आजाराचंच नाव सांगत फिरलो होतो.

भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या पाठीवर तुम्ही हिशेब मांडलात. ते पान मी अजून ठेवलंय. डोळ्याचे ३०. एका पायाची सगळी बोटं गेली तर साधारण २०. धाकटी लगेच म्हणाली, “मग ५० झाले की!” तुम्ही हसून मान हलवलीत. असं सरळ मिळवत नाहीत, त्याचं ठरलेलं सूत्र असतं. मोठा आकडा आधी धरायचा, ३०. तो ९० मधून वजा केला की राहिले ६०. आता लहान आकडा २०, त्याला ६० नं गुणायचं आणि ९० नं भागायचं. आले १३ आणि वर थोडं. ते ३० मध्ये मिळवले की ४३. तुमचं बोट त्या ४३ वर थांबलं आणि ह्यांनी एका डोळ्यानं तो आकडा जवळ घेऊन बघितला. लगेच तुम्ही हेही बजावलंत, “किती लिहायचं ते डॉक्टर ठरवणार, मी नव्हे. पण पाय मोजलाच नाही कुणी. आधी तो मोजायला लावूया. आगतैत्री, होतंय!” ज्यांनी पहिला ३० लिहिला त्यांच्यावर मी उगाच राग धरून बसले होते. त्यांनी डोळा बरोबरच मोजला होता. तेव्हा पायाची बोटं शाबूत होती.

घाई मात्र तुम्ही करू दिली नाहीत. ओल्या जखमेवर कायमचा दाखला मिळत नाही, आधी जखम भरू दे, म्हणालात. ती भरायला चार महिने गेले. तेवढ्यात एमसीआर रबराची मऊ तळव्याची चप्पल कुठं करून मिळते ते सांगितलंत, चिंधीची चप्पल टाकायला लावलीत. रोज रात्री पायाचा तळवा आरशात बघायचा, अनवाणी अंगणातसुद्धा जायचं नाही, हे तुमच्याकडूनच कळलं. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर, असं मनात येतं. येऊन जातं.

कागदांचं सांगायलाच हवं. पिशवीत कोंबलेले सगळे कागद तुम्ही जमिनीवर पसरलेत आणि माझ्याकडून तारखेप्रमाणं लावून घेतलेत. डोळ्याची फाईल, लेसरच्या चिठ्ठ्या, दोन्ही ऑपरेशनची डिस्चार्ज कार्डं. यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या कार्डाचा, अर्ज ऑनलाइन भरताना एकेक ओळ आधी कन्नडमध्ये वाचलीत आणि मग मराठीत सांगितलीत. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. कन्नड बोललेलं कळतं, पण कचेरीतला फॉर्म माझ्यासाठी बंद दारच. “कळल्याशिवाय सही करायची नाही मावशी, मी सांगितलं तरी नाही.” त्या एजंटाच्या कागदांवर सह्या करताना असं म्हणणारं आमच्या शेजारी कुणी नव्हतं. बेळगावच्या ह्या पट्ट्यात भाषेवरून आम्ही काय काय बघितलंय ते तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी. आमच्या कट्ट्यावर बसून तुम्ही जे केलंत, ते मला माझ्या नातवंडांना सांगायचंय.

तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्ही ह्यांना फोन केलात. मी शेजारीच होते. “डॉक्टर विचारतील, चालता येतं का. तुम्ही पुरुष माणसं लगेच ‘येतं की’ म्हणताय. किती चाललं की थांबावं लागतं ते सांगा. जिन्यावर काय होतं ते सांगा. आहे तेवढंच सांगा काका, जास्ती नको, कमी पण नको.” ह्यांनी तसंच सांगितलं. चढताना कठडा धरावा लागतो, डाव्या बाजूनं आलेली गाडी दिसत नाही, चुलीजवळ निखारा पायाला लागला तरी कळत नाही. तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्या तोंडून एवढं ऐकलं नव्हतं. डोळ्याच्या डॉक्टरांनी ३० लिहिले, हाडांच्या डॉक्टरांनी २०. एकत्र दाखल्यावर आले ४३.

पुढचं भराभर झालं. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँकेचं खातं, पेन्शनचा अर्ज. आता महिन्याला ८०० रुपये येतात. कुणी म्हणेल, ८०० मध्ये काय होतं? शुगर तपासायच्या पट्ट्या येतात आणि पायाचं ड्रेसिंग येतं. आधी ह्या दोन्ही गोष्टी महिनाअखेरीला मी बंद करत असे. आणि बसचा पास. बायकांना बस फुकट असलेल्या शक्ती योजनेत मला तिकीट लागत नाही, ह्यांचं मात्र काढावं लागायचं. म्हणून उरलेल्या डोळ्याची तपासणी मी दोनदा पुढं ढकलली होती, हे आज कबूल करते. आता हे पास दाखवून एकटे बेळगावला जातात, डोळा दाखवून येतात, आणि येताना माझ्यासाठी कुंदा आणतात. स्वतः खात नाहीत, शपथ.

ज्यांच्या घरी ३० चा, २५ चा कागद आहे, त्यांना मी हल्ली एकच विचारते, त्यानंतर शरीरात आणखी काय बिघडलं? ऐकायला कमी येतं का, हात वर जातो का, दुसरा डोळा कसा आहे? कागद चुकीचा वाटला तर त्यावर अपीलही करता येतं, हेही सांगते. गल्लीच्या टोकाला एक आजोबा आहेत, पॉवरलूमवर उभा जन्म गेला, दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही आणि खुबा मोडलाय. त्यांच्या सुनेला कागद तारखेप्रमाणं लावून ठेवायला सांगितलंय. येत्या मंगळवारी तुम्ही पंचायतीत असाल तर तिला घेऊन येते.

आणि एक ह्यांचा निरोप. तुमच्या स्कूटीच्या मागच्या डाव्या चाकावरचा पत्रा हलतो, खडखडाट ह्यांनी ऐकून ठेवलाय. आमचं जुनं हँड ग्राइंडर काढून, तेल घालून ठेवलंय. म्हणतात, “अक्कांना सांग, येताना तासभर मोकळा ठेवून या. कड घासून नवे बोल्ट मारून देतो.” मी भाकऱ्या टाकीन, तुम्ही जेवूनच जायचं.

तुमची,
मावशी