इकडं दिवस तिळातिळानं लहान होतोय

मेलबर्न, किंक्रांत

आई,

आज किंक्रांत, नवीन काही सुरू करायचं नसतं, पण पत्र लिहायला चालतं ना? काल व्हिडिओ कॉलवर धड बोलणंच झालं नाही, सोन्या मधेमधे नाचत होता आणि तू फोन इतका जवळ धरलावतास की निम्मा वेळ मला फक्त तुझं कुंकू दिसत होतं. म्हणून सविस्तर टाईप करते, बाबांना मोठ्यानं वाचायला सांग.

तर भोगीला इकडं ३९ डिग्री. आणि मी ओट्यापाशी उभी राहून बाजरीच्या भाकऱ्या थापतेय, वर तीळ लावून! "न खाई भोगी तो सदा रोगी" हे तू इतक्यांदा ऐकवलंयस की टाळायची हिंमतच होत नाही. पावटा आणि सोलाणे फ्रोजन मिळाले, गाजर वांगी ताजी, हुरडा कुठला मिळतोय. भाजी झकास झाली पण भाकरीवर ठेवलेला लोण्याचा गोळा ताट टेबलावर यायच्या आधीच पाणी पाणी झाला, आणि आम्ही एसी फुल्ल करून घाम पुसत जेवलो. तेव्हा कळलं बघ, तीळ गूळ बाजरी लोणी, हे सगळं थंडीत अंगात ऊब यावी म्हणूनचं खाणं. काळी साडी पण त्यातलीच, एरवी सणाला काळं नेसून आले तर तू दारातनं परत पाठवशील. संक्रांतीला तुझी चंद्रकळा हौसेनं नेसले, दहा मिनिटांत अंगाची भट्टी झाली, फोटो काढला आणि बदलली. रागावू नको.

पण खरी गंमत सोन्याची. तू त्याला फोनवर सांगितलंस ना की आजपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो, ते ऐकून स्वारी खुश, कारण सध्या इकडं पावणेनऊला सूर्य मावळतो आणि "अजून उजेड आहे" म्हणून हा झोपायलाच तयार नसतो. त्याचा हिशोब सरळ, दिवस मोठा झाला की झोप अजून उशिरा. त्याला समजावताना माझीच पंचाईत झाली, कारण इकडं उलटंच आहे ना गं, सगळ्यात मोठा दिवस डिसेंबरच्या २१-२२ ला होऊन गेला, आता रोज मिनिटभरानं कमीच होतोय. शेवटी सांगितलं की आजीचा दिवस मोठा होतोय आणि आपला त्यातनं थोडाथोडा तिकडं चाललाय. तर म्हणतो, मग आजीला सांग परत दे.

तसं तिकडंसुद्धा दिवस २१-२२ डिसेंबरपासूनच वाढायला लागतो, संक्रांतीपासून नाही. आपलं पंचांग ताऱ्यांवरनं राशी मोजतं, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळं संक्रांत साधारण सत्तरेक वर्षांत एक दिवस पुढं सरकत आलीय. बाबांसाठी खास: विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले तो दिवस संक्रांतीचा होता. मग त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं तेव्हा संक्रांत कशी असेल? ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली असणार. पानिपत संक्रांतीलाच झालं ही गोष्ट दरवर्षी तिळगुळाबरोबर ऐकलीय, आता बाबांनी उत्तर द्यावं.

सुगडी नाहीत म्हणून दह्याच्या काचेच्या बरण्यांना दोरा गुंडाळून हळदीकुंकू लावलं, आत गाजर, गहू, तीळ, उसाचा तुकडा. बोरन्हाण पण उरकलं, पाचवं वर्ष संपायच्या आत. बोरं नाहीत, मग ब्लूबेरी, द्राक्षं, चुरमुरे, गोळ्या. हलव्याचा मुकुट उकाड्यानं चिकट होऊन केसांना बसला तो नळाखाली डोकं धरून सोडवला, ह्यांनी त्याचा पण व्हिडिओ काढलाय. हळद तीच, दादानं आणलेली, आपल्या सांगलीची. एअरपोर्टवर ऑफिसरनं पुडी उघडून बघितली तर हातमोजे पिवळेजर्द, आणि तो बिचारा किती वेळ बोटं चोळत होता.

लाडू मात्र फसले. पाक पाण्यात टाकल्यावर टण्ण वाजला, सगळं बरोबर, पण साधाच गूळ आणि त्यात हा उकाडा, वळलेले लाडू तासाभरात बसले की गं पसरून. मग सरळ थापून वड्या कापल्या आणि शेजारच्या ग्रीक आजींना बशीभर नेऊन दिल्या. त्यांनी एक तोंडात टाकली आणि म्हणाल्या, हे तर पास्तेली! त्यांच्याकडं तीळ आणि मधाची अशीच वडी करतात म्हणे. गोड बोला हे मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमधे सांगितलं, त्यांचं इंग्लिश माझ्याहून मोडकं, मग दोघी नुसत्याच हसत उभ्या.

रथसप्तमीच्या आत माझं हळदीकुंकू आहे, वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या घेतल्यात, बारा बायका येतील. आणि हो, शेजारच्या काकूंकडं तिळगूळ घेऊन गेलीस का? काल विचारलं तर तू विषय बदललास. जा की एकदा. दादा मार्चमधे येतोय ना, त्याच्याबरोबर मार्केट यार्डातला चिक्कीचा गूळ दे, दोन किलो, आणि नीट डबल पॅक कर, मागच्या वेळी त्याच्या सगळ्या शर्टांना मसाल्याचा वास लागलावता.

तुझी,
धाकटी