सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ॲक्युपंक्चरवरचा, म्हणजे शरीराच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करायच्या उपचारावरचा, लेख मी दोनदा वाचला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून आनंद झाला. पण त्यातली दोन वाक्यं मनाला लागून राहिली. एक, ही विद्या आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी चीनहून भारतात आणली. दुसरं, सुयांनी सायटिका, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ, मुळापासून बरी होते. दोन्ही बरोबर नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी डॉ. कोटणीसांचं. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात मी नातवाला घेऊन दोन वेळा जाऊन आलोय. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय अवघं बत्तीस. ते परत आलेच नाहीत, तर विद्या आणणार कशी? ती आणली त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी. ते १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि परतल्यावर कोलकात्यात रुग्णांना देऊ लागले. कोटणीसांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. त्यांनी जीव दिला. पण बसूंचं श्रेय बसूंना मिळायला हवं, आणि ते सोलापूरकरांनी आधी द्यायला हवं.

आता माझ्या पायाचं. मी एकतीस वर्षं एसटीत चालक होतो. सोलापूर-पुणे, तुळजापूर, लातूर, मध्ये काही वर्षं हैदराबाद. तक्रार नाही, त्याच स्टिअरिंगवर दोन मुलांची शिक्षणं झाली. पण डावा पाय क्लचवर आणि कंबर एकाच बाकात, हा हिशेब शरीर कुठेतरी मांडून ठेवतंच. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका सकाळी मोरीवर वाकून तोंड धुताना डाव्या ढुंगणातून पोटरीपर्यंत कळ गेली आणि मी तसाच खाली बसलो. एमआरआयमध्ये कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, वजन लावून ओढणं झालं. शल्यविशारदांनी प्रामाणिकपणे सांगितलं, 'बऱ्याच जणांचं हे काही आठवड्यांत आपोआप उतरतं, थांबून बघू.' माझं चौदा महिने उतरलं नाही. रात्री कूस बदलायची म्हणजे आधी बायकोला उठवावं लागे, ती पाय उचलून द्यायची. दिवसभराचं काम करून थकलेल्या माणसाला रात्री तीनदा उठवायचं, याचं मला दुखण्यापेक्षा जास्त वाटायचं.

कोणीतरी शिबिराचं सांगितलं. एका मंगल कार्यालयात, दोनशे रुपयांत. पन्नास-साठ माणसं सतरंजीवर ओळीने झोपवलेली. सुया स्टीलच्या ताटलीत, वर स्पिरिट शिंपडलेलं. माझ्या शेजारच्या आजोबांच्या गुडघ्यातल्या सुया काढल्या, त्या ताटलीत टाकल्या आणि त्याच ताटलीतल्या मला टोचल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि बोललो नाही. दुखणाऱ्या माणसाला वाटतं, आपण काही बोललो तर हे आपल्याला उठवून लावतील. वर सांगितलं, शुगरच्या गोळ्या बंद करा, सुयांनी सगळं जाईल.

घरी मुलीला सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिने गोळ्या एक दिवसही चुकू दिल्या नाहीत आणि मला थेट रक्त तपासायला नेलं: कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही. तीन महिन्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा निर्दोष आलं. पण ते तीन महिने मी घरात माझा दाढीचा वस्तरासुद्धा वेगळ्या डब्यात ठेवत होतो.

त्यानंतर मी पुन्हा सुया टोचून घेतल्या, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मुलीनेच शोधून दिलेल्या, ॲक्युपंक्चर करणाऱ्या नोंदणीकृत बाई होत्या. भिंतीवर प्रमाणपत्र. आधी अर्धा तास नुसती माहिती विचारली: शुगर किती, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कधी चक्कर आली का, एमआरआय कुठे आहे. मग सुयांचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. सुई इतकी बारीक की उजेडात धरल्याशिवाय दिसेना. ढुंगणातल्या बिंदूसाठी मात्र लांब सुई, बोटाएवढी. टोचल्याचं कळतही नाही, पण ती आत ठरल्यावर एक जड, ओढल्यासारखी भावना पायात उतरते. मला ती पार घोट्यापर्यंत गेली. बाई म्हणाल्या, 'आली का ओढ? मग ठीक.' गुडघ्यामागे एक, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला एक, घोट्यापाशी एक. पंचवीस मिनिटं पालथं पडायचं. काढलेली सुई थेट वापरलेल्या सुयांच्या वेगळ्या डब्यात, झाकण बंद.

आठवड्यातून दोनदा, अशा बारा बैठका. पहिल्या तीनमध्ये काहीच फरक नाही, उलट दुसऱ्यानंतर संध्याकाळी पाय जास्त ठणकला. पाचव्या-सहाव्याच्या सुमारास एका सकाळी जाग आली ती थेट साडेपाचला. रात्रभर मी कुणाला उठवलं नव्हतं. बायको चहा ठेवून शांत उभी होती. मला एवढंच पाहिजे होतं.

दुखणं गेलं का? नाही. दहातलं आठ होतं ते तीन-चारवर आलं. सोबत मुलीने शिकवलेले व्यायाम रोज होते आणि चालणंही होतं, त्यामुळे किती श्रेय सुईला आणि किती इतर गोष्टींना, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुलीने मला जर्मनीतला एक मोठा अभ्यास समजावून सांगितला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. जुनी कंबरदुखी असलेले ११६२ रुग्ण. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांत सुमारे ४८ टक्क्यांना चांगला फरक पडला, मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांत ४४ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांत २७ टक्क्यांना. म्हणजे सुयांचा उपयोग होतो, पण नेमक्या बिंदूंवरच होतो असं काही त्यातून दिसलं नाही. हे ऐकून मला सुरुवातीला वाईट वाटलं, बाईंनी एवढं जपून बोटाने चाचपून बिंदू शोधले होते. पण खरं ते खरं. त्याच जर्मनीने कंबर आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यासाठी ही पद्धत सरकारी आरोग्य विम्यात घेतली. 'मुळापासून बरं' असा दावा न करताही ती लोकांना देता येते, हेच मला म्हणायचं आहे. सरकलेली गादी सुई जागेवर बसवत नाही. लघवी-संडासवरचा ताबा जायला लागला, पाऊल उचलेनासं झालं, तर सुया बिया बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे आपल्या लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे, उपचार करणाऱ्याची नोंद लागते. तरीही मंगल कार्यालयात ताटली फिरते, कारण विचारणारा कोणी नसतो. मीही नव्हतं विचारलं. म्हणून माझ्यासारख्या पाय धरून बसलेल्या माणसांना हात जोडून सांगतो: नोंदणी क्रमांक विचारा. सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. छाती, पाठ, खांदा इथे खोल टोचू देण्याआधी दहादा विचार करा, फुप्फुसाला इजा होऊ शकते. घरात गरोदर बाई असेल तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. आणि चालू गोळ्या कोणी बंद करा म्हणालं तर तिथून उठा, पैसे गेले तरी चालतील.

आपण मोठ्या मनाने डॉ. बसूंच्या नावाची दुरुस्ती छापाल अशी खात्री आहे. जमलं तर डॉ. कोटणीसांच्या शेजारी त्यांचाही फोटो द्यावा. एकाच पथकात गेले होते दोघं.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त एसटी चालक, सोलापूर