दोष चिंधीचा, बोभाटा बंदुकीचा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, रायफलींवरचा लेख काल वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण घरातून सल्ला मिळाला की एक रात्र जाऊ द्या, राग निवेल. रात्र गेली. राग आहे तिथेच आहे.

लेखकमहाशयांनी दहा गोळ्या झाडल्या, 50 मीटरवर त्यातल्या चार कागदाला लागल्या, आणि त्यावरून निकाल जाहीर केला की स्वस्तातली ठासणीची रायफल ही भिंतीवर टांगायची वस्तू आहे. लेखाची भाषा चांगली आहे, हे मोकळेपणाने कबूल करतो. पण त्यात दोन वाक्यं अशी आहेत, की ती शेजारी शेजारी ठेवली तर लेखच उरत नाही. एका ठिकाणी ते सांगतात की या नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणारे आतले चर, 66 इंचांत एक वेढा घेतो. दोन परिच्छेद सोडून सांगतात की आपण लांब, टोकदार गोळ्या वापरल्या, आणि 'कागदावर भोकंही चमत्कारिक, लांबुडकी पडली'.

चमत्कार कसला हो त्यात? गोळी आडवी होऊन कागदावर आदळली की भोक लांबुडकंच पडणार. 66 इंचांचा संथ पीळ हा चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी असतो. गोल गोळीला थोडी फिरकी पुरते. लांब गोळीला भरपूर लागते, नाहीतर ती वेग संपत आलेल्या भोवऱ्यासारखी डुलते आणि कोलमडते. तसल्या गोळीला 20 ते 28 इंचांत एक वेढा असा घट्ट पीळ हवा. काही कारखाने मधला 48 चा पीळ देतात, दोन्ही गोळ्या चालून जाव्यात म्हणून. (आता कुणीतरी लिहील की 1853 च्या एन्फिल्ड या ब्रिटिश रायफलीचा पीळ तर 78 इंचांत एक होता, तिची गोळी कशी सरळ जायची? ती गोळी बुटकी, जाडजूड आणि बुडाशी पोकळ होती. लेखकांनी वापरलेली तशी नव्हती.) म्हणजे परीक्षा झाली ती चुकीच्या गोळीची, आणि नापास झाली बंदूक.

पुढे ते म्हणतात, गोल गोळी नळीपेक्षा बारीक असते, तेव्हा ती ढिलीच बसणार. हे वाचून मात्र मी पेपर खाली ठेवला. अर्धा इंची नळी 12.7 मिलिमीटरची. तिच्यासाठीची गोळी साधारण 12.4 ची, म्हणजे बारीक खरीच. पण तिच्याभोवती तेल-चरबीत भिजवलेली जवळजवळ 0.4 मिलिमीटर जाडीची सुती चिंधी असते आणि ती दोन्ही बाजूंनी असते. बेरीज करा. 13.2 होतात. ढिली कुठली, तोंडाशी ठोकून आत घालावी लागते! चिंधी दबून पिळाच्या चरांत बसते, पीळ धरते ती चिंधी, आणि गोळी तिच्याबरोबर फिरते. शिशाचा लोखंडाला स्पर्शसुद्धा होत नाही. या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा पदार्थ ही चिंधी आहे, आणि अख्ख्या लेखात तो शब्द एकदाही नाही.

इथे माझं स्वतःचं दुखणं सांगणं भाग आहे.

मी या खेळात उशिरा आलो. पहिली रायफल परवडली ती स्वस्तातलीच. टोपीची (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीवर बार उडणारी), अर्धा इंची नळी, दस्त्याला पॉलिश म्हणजे नावाला फासलेला रंग, आणि चाप असा जड की ओढता ओढता माणसाचा विचार बदलावा. पहिले काही महिने माझ्या गोळ्या कागदभर विखुरलेल्या असायच्या. एक वर, एक डावीकडे, एक कुठे गेली ते देवाला ठाऊक. आमच्या चांदमारीच्या मैदानावर एक जाणते गृहस्थ होते. त्यांनी एकदा माझी बंदूक हातात घेतली, नळीचं तोंड उजेडाकडे करून आत पाहिलं, आणि जवळजवळ तुमच्या लेखकाच्याच शब्दांत सांगितलं, "हिच्याकडून नेमाची अपेक्षा ठेवू नका. विकून टाका, चांगली घ्या."

विकली. नुकत्याच येऊ लागलेल्या एका मुलाला, जवळजवळ फुकटात. वर त्याला प्रामाणिकपणे बजावलंही की बाबा रे, ही शोभेची आहे. मग पैसे साठवून तिच्या पाचपट किमतीची एक देखणी रायफल घेतली. अक्रोडाचा दस्ता, पितळी नक्षी, मलईसारखा चाप.

पुढच्या वर्षी स्पर्धा झाली. 30 मिनिटांत 13 गोळ्या, त्यातल्या चांगल्या 10 धरायच्या, हा नेहमीचा नियम. त्या मुलाने मला हरवलं. थोडक्यात नव्हे, चांगलं हरवलं. माझीच रायफल होती त्याच्या हातात, तोच फासलेला रंग, दस्त्यावर मी पाडलेला ओरखडासुद्धा तसाच. त्याच्या कागदावर काळ्या डोळ्याच्या मध्याशी तळहाताखाली झाकतील अशी भोकं.

लाज गुंडाळून विचारलं, काय केलंस? म्हणाला, "काका, फारसं काही नाही. चिंधी धुतली."

त्याची आई शिवणकाम करते. मी बंदुकीबरोबर दिलेलं कापड तिने चिमटीत धरलं आणि म्हणाली, यात खळ आहे, हे तेल पिणार कसं? कोरं कापड मी तसंच कापून वापरत होतो. खळीमुळे ते ताठ राहायचं, तेल वरवर राहायचं, आणि पातळही होतं ते. नव्या नळीच्या पिळाच्या कडा धारदार असतात, त्यांनी चिंधी फाटायची. मुलाने आणखी एक केलं, जे मला कधी सुचलं नाही. बार झाल्यावर समोर काही मीटरांवर पडलेल्या चिंध्या त्याने गोळा केल्या. माझ्या कापडाच्या चिंध्या भोकं पडलेल्या आणि करपलेल्या निघाल्या. मग त्याने जाड, घट्ट विणीचं कापड आणलं, दोनदा धुतलं, आणि चिंध्या अख्ख्या मिळू लागल्या, मधे चरांची नक्षी उमटलेल्या. शंभरेक बार झाल्यावर नळीच्या कडाही आपोआप मऊ झाल्या. दर गोळीनंतर ओल्या चिंधीने काजळी पुसायची, दारू दरवेळी त्याच मापाने भरायची, गज दरवेळी त्याच दाबाने ठासायचा. गोळ्या खाली लागत होत्या म्हणून नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी कानशीने हलक्या हाताने उतरवली. झालं. ज्या जाणत्यांनी मला सल्ला दिला, त्यांनी माझी एकही चिंधी जमिनीवरून उचलून पाहिली नव्हती. अर्थात, मीही नव्हती.

मी ती रायफल परत मागितली, दुप्पट देतो म्हटलं. तो नुसता हसला.

स्वस्त बंदुकीत दोष नसतात असं मी म्हणत नाही. चाप जड असतो, माशी ओबडधोबड असते, लाकूड-लोखंडाचा सांधा कधीकधी सैल असतो, नळीचं तोंड नीट घासलेलं नसलं तर मात्र खरोखर बोंब होते. पण पैसे वाचवलेले असतात ते बहुतेक दिखाऊ भागांत. नळीचा पीळ यंत्रावर पाडलेला असतो, आणि यंत्राला गिऱ्हाईक गरीब की श्रीमंत हे कळत नाही.

लेखकांनी शेवटी इतिहासाचा आधार घेतला आहे. कर्नल जॉर्ज हँगर या इंग्रज अधिकाऱ्याने 1814 मध्ये लिहून ठेवलंय की दीडशे यार्डांवरून कुणाला साध्या मस्केटची गोळी लागली तर तो माणूस फारच कमनशिबी. बरोबर. पण मस्केट म्हणजे बिनपिळाची, गुळगुळीत नळीची बंदूक, आणि लेख आहे रायफलीवर! त्याच हँगरने अमेरिकेतल्या युद्धातली हकिगत सांगितली आहे. तो आणि टार्लटन हा दुसरा इंग्रज अधिकारी घोड्यावर असताना 400 यार्डांवरून एका अमेरिकन रायफलवाल्याने आडवं होऊन नेम धरला, गोळी या दोघांच्या मधून गेली आणि मागे उभ्या असलेल्या बिगुलवाल्याचा घोडा मेला. ती रायफलही ठासणीचीच होती. हँगर उद्धृत करायचाच तर दोन्ही हँगर करावेत.

माणसाचा आणि बंदुकीचा वाटा वेगळा कसा काढावा, याचा एक जुना नमुना आठवतो. 1860 साली विम्बल्डनच्या नेमबाजी मेळाव्यात पहिला बार व्हिक्टोरिया राणीने काढला. व्हिटवर्थची ठासणीची रायफल लोखंडी टेक्यात आवळून आधीच रोखून ठेवलेली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली, आणि 400 यार्डांवर गोळी केंद्रापासून दोन इंचांच्या आत लागली. ती रायफल महागडी होती, मान्य. पण लेखकांनी आपली स्वस्त रायफल वाळूच्या पिशवीवर तरी ठेवली होती का? लेखात तसा उल्लेख नाही. खांद्याला लावून उभ्याने झाडलेल्या दहा गोळ्यांवरून लेखकांच्या हाताबद्दल काही कळेल, नळीबद्दल नाही.

आता लिहितोच आहे तर आणखी एक. फोटोखाली तुम्ही 'चकमकीची बंदूक' छापलंय. चकमकीच्या बंदुकीला रंजकदानी (पेटवणीच्या दारूची वाटी) असते आणि घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. फोटोतली बंदूक टोपीची आहे, हे टोपीसकट दिसतंय. ही चूक हसून सोडली असती.

पण चौकटीत दारूचं माप '60 ग्रॅम' छापलंय, ते हसण्यासारखं नाही. माप ग्रेनमध्ये असतं. 60 ग्रेन म्हणजे चार ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. तुमच्या चौकटीप्रमाणे कुणी नवशिक्याने वजन करून भरायला घेतलं तर पंधरापटीहून जास्त दारू. शिवाय ती काळी दारू असावी, आजच्या काडतुसांतली बिनधुराची नव्हे, हेही कुठे लिहिलेलं नाही. बिनधुराची दारू असल्या नळीत भरली तर नळी फुटते, हात जातो, कधी जीवही जातो. लेखकाचं मत चुकलं तर त्यावर पत्रं येतात. हे चुकलं तर पत्र लिहायला बोटं राहणार नाहीत.

दोन वर्षांपूर्वीचं माझं पत्र तुम्ही निम्मं कापून छापलं होतं, आणि उरलं त्याचा अर्थ नेमका उलटा निघत होता. तेव्हा विनंती अशी, की जागा कमी असेल तर राणीचा परिच्छेद काढा, हँगर काढा, माझी फजितीही काढलीत तरी चालेल. ग्रॅमच्या चुकीची दुरुस्ती मात्र त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत, या रविवारी छापा.

आपला,
एक जुना वाचक