एका बोटीवर दोन खेळ: आधी लाट तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतील माझ्या ओळखीच्या काही कुटुंबांनी एकत्र येऊन, वर्गणी काढून, पाण्यावर स्की करण्यासाठी सामाईक बोट घेण्याचे ठरवले आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. घरातील मोठ्यांना स्लॅलमची, म्हणजे एका स्कीवर वळसे घेत जाण्याची आवड आहे, मुलांना वेकबोर्डचे, म्हणजे एका रुंद फळीवर उभे राहून लाटेवरून उडण्याचे वेड आहे आणि ऐपत मात्र एकाच बोटीची आहे. अशा वेळी कोणती बोट घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर आम्ही नेरूळच्या चार कुटुंबांनी चुकीच्या खरेदीतून शिकलो. इतरांचे पैसे आणि गुडघे वाचावेत, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

दोन्ही खेळ एकाच दोराला धरून चालत असले, तरी बोटीकडून त्यांची मागणी एकमेकांच्या अगदी उलट असते. स्लॅलमची धावपट्टी २५९ मीटर लांब असते आणि तिच्या मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर, आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूला, सहा बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, मांडलेले असतात. बोट सरळ मधून जाते आणि स्की करणारा प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालतो. स्पर्धेत खुल्या गटातील पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर आणि स्त्रियांसाठी ५५ किलोमीटर असतो, म्हणजे सगळा खेळ सोळा-सतरा सेकंदांत संपतो. तो वेग गाठल्यावर १८.२५ मीटरचा दोर टप्प्याटप्प्याने आखूड करत नेतात. एका बोयाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी बोटीमागची दुहेरी लाट, जिला आम्ही वेक म्हणतो, ती कापून जावे लागते. साहजिकच ती लाट जितकी बसकी आणि मऊ, तितके स्लॅलमवाल्याला बरे. वेकबोर्डवाला मात्र ताशी ३० ते ३८ किलोमीटरच्या वेगात त्याच लाटेचा चढणीसारखा उपयोग करतो, तिच्या माथ्यावरून उडतो आणि पलीकडच्या लाटेवर उतरतो. त्याला लाट उंच, घट्ट आणि फेस न फुटलेली हवी असते.

लाट कशी उठेल, हे मुख्यतः बोटीचा तळ आणि इंजिनाची जागा यांवर ठरते. डायरेक्ट ड्राइव्ह बोटीत इंजिन मध्यभागी असते, शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, तिथून तिरका खाली जातो आणि वजन सारखे वाटले गेल्यामुळे बोट पाण्यावर सपाट बसते. व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिन अगदी मागे असते, शाफ्ट आधी पुढे जाऊन गिअरबॉक्समधून पुन्हा मागे वळतो, त्यामुळे पिछाडी जड होऊन खोल बसते आणि लाट मोठी उठते. व्ही-ड्राइव्हमध्ये मधली जागा मोकळी मिळते, बसायला प्रशस्त सोफे होतात, आणि छायाचित्र पाहून बोट निवडणाऱ्याचे मन तिथेच बसते. आमचेही बसले.

विक्रेत्याने दाखवलेली ती जुनी व्ही-ड्राइव्ह बोट दिसायला देखणी होती. 'हिच्यावर दोन्ही खेळ उत्तम होतात,' असे त्याने ठामपणे सांगितले आणि आम्हाला चाचणीही दिली. पण ती अर्ध्या टाकीवर, बोटीत तिघेच बसलेले असताना आणि ताशी ५५ किलोमीटर वेगाने. त्या वेगाला लाट खरोखर बऱ्यापैकी बसकी दिसली. पुढच्याच महिन्यात घाटमाथ्यावरच्या एका धरणाच्या फुगवट्यावर, रीतसर परवानगी घेऊन आम्ही ती उतरवली तेव्हा टाकी भरलेली होती, बोटीत सात माणसे होती आणि दोराच्या टोकाला माझी सोळा वर्षांची मुलगी होती, जी त्या वेळी ताशी ४४ किलोमीटरला स्लॅलम शिकत होती. वेग कमी झाला की बोटीची पिछाडी पाण्यात अधिक बसते आणि लाट वाढते, हे मला वाचून ठाऊक होते. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिले. तिची स्की पहिल्या उंचवट्याला टेकताच टोक वर उचलले जाई, गुडघे छातीला लागत आणि पलीकडे ती स्कीच्या कडेवर उतरण्याऐवजी सपाट आपटे. चौथ्या फेरीनंतर तिने दोर सोडला आणि पाण्यात बसूनच हात वर केला. पुढचे दोन महिने तिने स्लॅलमचे नाव काढले नाही. शिकाऊ मुले आणि वय झालेली माणसे, म्हणजे ज्यांचा वेग कमी असतो तेच लोक, लाटेचा सर्वाधिक मार खातात आणि विक्रीच्या चाचणीत नेमका त्यांचाच वेग तपासला जात नाही.

त्यातून आम्ही एक सूत्र धरले आणि वर्षभराने ती बोट विकून डायरेक्ट ड्राइव्ह घेताना त्याच सूत्रावर निर्णय केला. बोटीत वजन घालून लाट वाढवता येते, परंतु तळाने आणि इंजिनाने जी लाट मुळातच मोठी केली आहे, ती कमी करण्याचा उपाय हाती जवळपास राहत नाही. म्हणून दोन्ही खेळांसाठी बोट घेणाऱ्याने आधी जादा वजन न घातलेल्या बोटीची लाट लहान आहे ना, एवढेच पाहावे. सकाळी पाणी आरशासारखे असते तेव्हा आम्ही स्लॅलम करतो. न्याहारीनंतर बॅलास्टच्या, म्हणजे पाणी भरून वजन वाढवण्याच्या पिशव्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आणि एक मागे अंथरतो, बारा व्होल्टच्या पंपाने धरणाचेच पाणी त्यांत भरतो आणि आठ-दहा मिनिटांत ३५० लिटर, म्हणजे ३५० किलो वजन चढते. मग माझा पुतण्या वेकबोर्ड घेऊन उतरतो. मोठ्या व्ही-ड्राइव्हची लाट त्याला मिळत नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण एका लाटेवरून दुसऱ्या लाटेवर पूर्ण उडी तो याच बोटीमागे शिकला. काही बोटींना पिछाडीखाली पंखासारखी पाटी असते, मालिबूचा पॉवर वेज त्यातलाच. तो खाली सोडला की पाण्याच्या दाबाने पिछाडी खाली ओढली जाते आणि तितके पाणी कमी भरावे लागते.

इथे एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. पिशव्यांतील पाणी हे माणसांइतकेच वजन आहे. बोटीवरच्या पाटीवर लिहिलेल्या भारमर्यादेतून ते आधी वजा केले पाहिजे. पिशव्या भरल्यावर आम्ही तिघांपेक्षा अधिक माणसे घेत नाही आणि सगळे वजन कधीही नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे टाकत नाही, कारण वळताना आपलीच लाट समोरून आत येऊन बोट भरू शकते.

दोर उंचावर बांधण्यासाठी बोटीवर टॉवर, म्हणजे उंच चौकट असावी, पण स्लॅलमचा दोर तिला बांधू नये. वेकबोर्डवाल्याला उंचावरून ओढ मिळाली की हवेत राहायला मदत होते. स्लॅलममध्ये मात्र माणूस बाजूला इतक्या जोराने खेचतो की उंच टोकाला बांधलेला दोर बोटच कलती करतो, म्हणून त्यासाठी बोटीच्या मध्यावरचा आखूड, मजबूत खांब हवा. बोटीला सरळ ठेवणारे तळाखालचे पंखही वाकून पाहावेत. ते झिजलेले किंवा वाकडे असतील, तर बोट सरळ चालत नाही आणि बोयांची धावपट्टी निरर्थक होते. दोरही दोन लागतात, कारण वेकबोर्डचा दोर अजिबात न ताणणारा असतो आणि स्लॅलमच्या दोराला थोडी लवचीकता असते. जीपीएसवर वेग धरून ठेवणारी यंत्रणा असेल, तर तिच्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. जुन्या सोफ्यांसाठी मात्र देऊ नयेत.

आउटबोर्ड इंजिनाची बोट स्वस्त मिळते, उथळ पाण्यात इंजिन वर उचलता येते आणि सहलीला ती चांगलीच. पण तिचा पंखा पिछाडीच्या मागे उघडा फिरतो, तर वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारांत तो तळाखाली असतो. मुले सतत बोटीच्या मागे पाण्यात असणार असतील, तर हा फरक किमतीच्या वर ठेवावा.

आपल्या भागापुरते दोन शब्द. ठाण्यातील मासुंदा किंवा उपवन तलाव या वेगाच्या बोटीला लहान पडतात. मोरबे धरण नवी मुंबईचे पिण्याचे पाणी आहे, तिथे पेट्रोल इंजिन नेण्याचा विचारही होऊ नये. ठाण्याच्या खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, त्यामुळे नेरूळच्या धक्क्यावर उभे राहून समोर कितीही रुंद पाणी दिसले, तरी ते आपल्या खेळासाठी नाही. ज्यांना परवानगी असलेल्या समुद्राच्या पाण्यात बोट न्यायची आहे, त्यांनी इंजिनाला बंदिस्त शीतकरण आहे का, ते विचारावे; ते नसेल तर खारे पाणी थेट इंजिनातून फिरते आणि आतून गंज धरतो. धरणावर बोट ठेवणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये पातळी उतरली की वर येणारी झाडांची खुंटे ध्यानात घ्यावीत. या बोटींचा पंखा साधारण दोन फूट पाण्याखाली असतो, आणि वाकलेला शाफ्ट मुंबईत सरळ करून घेण्यात आमचा एक अख्खा हंगाम गेला होता. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार लागणारी नोंदणी आणि तपासणी विक्रीपूर्वी कोणाच्या नावावर आहे, हेही कागदावर पाहून घ्यावे.

खरेदी करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, पैसे देण्याआधी भरल्या टाकीची, घरातील सगळी माणसे बसवलेली, ताशी ४४ किलोमीटरची चाचणी लेखी मागावी आणि त्या फेरीत दोराच्या टोकाला घरातील सर्वांत नवख्या माणसाला उभे करावे. विक्रेता त्या चाचणीला तयार नसेल, तर दुसरी बोट पाहावी.

आपला नम्र,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई